पाठीमागून मारलेली हाक

माझी मावशी भित्री होती आणि हे सगळ्या रिसॉर्टला माहीत होतं. पाल दिसली की ती खुर्चीवर, वीज कडाडली की कपड्यांच्या ढिगाआड. लाँड्रीतलं मोठं मशीन कपडे पिळायला लागलं की जागच्या जागी नाचायचं. इतकी वर्षं तिथं काढूनही दर वेळी ती दचकायची आणि मग स्वतःशीच हसायची. स्वयंपाकघरातली माणसं मुद्दाम तिच्या मागे ताट आपटत. "मावशी, उंदीर!" असं कुणी नुसतं म्हटलं तरी हातातल्या धुतलेल्या चादरी जमिनीवर. ती सगळ्यांचीच मावशी होती, माझी तेवढी सख्खी. माझी आई लवकर गेली. तेव्हापासून मी मावशीकडेच वाढले आणि शिकून त्याच रिसॉर्टच्या रिसेप्शनवर नोकरीला लागले.

सदा घाबरणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. तो खरोखर घाबरला तरी कुणाला वेगळं काही वाटत नाही. त्या पावसात मलाही वाटलं नाही.

रिसॉर्ट समुद्राला अगदी लागून. पुढच्या अंगाला पाहुण्यांच्या खोल्या, हिरवळ, पोहण्याचा तलाव. मागच्या अंगाला, जिकडे पाहुणे कधी फिरकत नाहीत, तिथं लाँड्री, जनरेटरची शेड आणि आम्हा नोकरमाणसांची पत्र्याची क्वार्टर्स. लोक यायचे ते खरं तर बोटीसाठी. एखाददोन दिवस इथं आराम करायचा, मग आमच्या धक्क्यावरून क्रूझ निघायची, बेटाबेटांवरून हिंडवून त्यांना परत आणून सोडायची. म्हणायला क्रूझ, पण बोट तशी लहानखुरीच. तिच्या तळाशी, इंजिनाच्या खोलीत, माझे काका असायचे. मावशीचे यजमान. बोट नवी कोरी आली तेव्हापासून तेच तिचे मिस्त्री. धक्क्यावर त्यांना काका कुणी म्हणत नसे, मिस्त्रीच म्हणत, आणि त्यांनाही तेच आवडायचं.

त्या खेपेला पाऊस लागला तो सुटेचना. तलाव काठोकाठ भरून हिरवळीवर सांडला. खोल्यांच्या भिंतींना पोपडे आले. कपाटातल्या चपलांवर बुरशी चढली. लाँड्रीत टॉवेल वाळेनात. ड्रायर दिवसभर गरगरत राहायचा, तरी चादरींचा कुबट वास जाईना. मावशी आणि तिच्या शेजारच्या टेबलावर इस्त्री करणाऱ्या वहिनी, दोघी घामाने आणि वाफेने भिजून जायच्या. या वहिनी म्हणजे आमच्या जनरेटरवाल्याची बायको. कमी बोलणारी, इस्त्रीची घडी अशी पाडायची की बोट कापेल.

पाहुणे पुरते वैतागले होते. चष्मेवाले एक आजोबा रोज सकाळी नाश्त्याआधी काउंटरवर हजर.

"काय पोरी, आज निघणार ना?"

"कप्तान आले की सांगते, आजोबा."

"हा कप्तान आहे की हवामान खातं? कधी विचारावं तर 'बघू'!"

नवं लग्न झालेलं एक जोडपं पत्ते खेळून खेळून एकमेकांशी अबोला धरण्यापर्यंत आलं होतं. मॅनेजरसाहेब प्रत्येकाला फुकट कॉफी पाजत होते आणि मागे ऑफिसात येऊन कपाळ धरून बसत होते. कप्तान रोज सकाळी रेनकोट निथळत आत यायचे, काचेतून समुद्राकडे पाहायचे आणि मान हलवायचे. आज नाही.

त्याच वेळी मागच्या दारातून मावशी डोकवायची. हातात टॉवेलांची चळत असायची, पण टॉवेल हे निमित्त. माझ्याकडे बघून भुवया उंचवायची. मी मान हलवली की तिचा जीव भांड्यात पडायचा. पडलेला दिसायचा अगदी. खांदे खाली यायचे, आणि ती चळत तशीच घेऊन परत जायची. मला वाटायचं, समुद्राला घाबरते, बस्. नवरा बोटीवर आणि बाहेर हा असा पाऊस, कोण घाबरणार नाही?

एके दुपारी मी जेवायला क्वार्टरवर गेले. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की भातावर आमटी वाढताना मावशी काय म्हणते तेही कळेना. आम्ही दोघी खुणांनीच बोलत होतो. काका जेवून, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते. इतक्यात ते कूस न बदलता, डोळे न उघडता म्हणाले, "थांबला एकदाचा. उद्या निघू बहुतेक."

मी खो खो हसले. काकांना अशा चेष्टा करायची सवय होती. मावशी हसली नाही. तिच्या हातातला डाव तसाच अधांतरी राहिला आणि आमटी थेंब थेंब जमिनीवर गळत राहिली. मी तिच्याकडे पाहिलं, मग काकांच्या पाठीकडे. काकांनी चेष्टा केली नव्हती.

संध्याकाळी लाँड्रीत वहिनी घरी गेल्यावर मावशीने मला सगळं सांगितलं. मशीन चालू ठेवून सांगितलं, बाहेर कुणी ऐकू नये म्हणून. आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग काका विनोदाला सगळ्यांच्या मागून, सगळे हसताना बघून हसायला लागले. मग दारावरची थाप. मग कुकरची शिट्टी. आयुष्य इंजिनाच्या घणघणाटात गेलेलं, दुसरं काय होणार? समोरून बोललं की त्यांना ओठांवरून कळायचं, आणि यात ते इतके तरबेज झाले होते की कंपनीच्या डॉक्टरसमोर बसून दर वर्षी पास होऊन यायचे.

"पण मागच्या फेरीला," मावशी म्हणाली आणि थांबली. ओला अभ्रा पिळावा तसा तिने एप्रन पिळला. "खाली भोंगा आहे. इंजिन तापलं, पाणी शिरलं की वाजतो. तो वाजला म्हणे. वरच्या माणसांना ऐकू गेला. त्यांच्यातला एक खाली पळत आला, तेव्हा हे पाठ करून पाइप पुसत बसलेले. भोंगा डोक्यावर ओरडतोय आणि हे पाइप पुसतायत! त्याने खांद्याला हात लावला तेव्हा यांना कळलं. यांनी काय सांगितलं माहितीये? डुलकी लागली होती. मलाही हसत हसतच सांगितलं. मी हसले. आणि मग हातपाय गार पडले माझे."

"काही झालं नाही ना पण?"

"तेव्हा नाही झालं. समुद्र शांत होता." तिने बाहेर बोट केलं. बाहेर समुद्र शांत नव्हता. "मला सारखं तेच दिसतं गं. भोंगा वाजतोय, पाणी आत येतंय, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, आणि यांची पाठ. नुसती पाठ. मी हाका मारतेय आणि ते पुसतायत."

"मग सांग ना कुणाला तरी."

"कुणाला?" ती म्हणाली. "मी सांगितलं तर म्हणतील, मावशीला उंदीर दिसला."

त्यानंतर मात्र मलाही झोप लागेना झाली. सकाळी कप्तान यायचे तेव्हा ते मान कशी हलवतात तिकडे मीच टक लावून बसायचे. आजोबांनी "आज निघणार ना?" म्हटलं की मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटायचा. या माणसांना काही माहीत नव्हतं. ते जोडपं, आजोबा, सगळे त्या बोटीत बसणार होते, आणि खाली एकटा एक माणूस, ज्याला पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत नव्हता.

मावशीने आधी काकांनाच गाठलं. मी तिथं होते, कारण तिने मला दारात उभं केलं होतं. एकटीने बोलायची तिची हिंमत नव्हती. काका मशीनचा पट्टा बदलायला लाँड्रीत आले होते. ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"अहो, या खेपेला नका जाऊ."

"का?"

"तुम्हाला ऐकू येत नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मला वाटलं ओरडतील. त्यांनी तिचा हात धरला, मशीन चालू केलं आणि तिचा तळवा त्याच्या अंगावर दाबून धरला.

"काय कळतं?"

"हलतंय."

"नीट बघ. मध्येच एक ठोका चुकतो. बेअरिंग गेलंय त्याचं. तुझ्या कानांना कळलं का इतके दिवसांत? मला हात ठेवल्याबरोबर कळलं. मी इंजिन कानाने ऐकत नाही गं. हाताने ऐकतो, पायाने ऐकतो. त्याच्या पोटात दुखायच्या आधी मला कळतं."

"आणि भोंगा? तो हाताने कळतो?"

मशीन बंद करून काकांनी हात पुसले. मग इतक्या हळू बोलले की मलाच कान द्यावा लागला. आपला आवाज किती येतो तेही त्यांना नीट कळत नव्हतं.

"खाली उतरलो नाही तर मी कोण आहे? खुर्चीत बसून लोकांची तोंडं बघत बसणारा म्हातारा? माणसं ओरडून बोलणार, मग कंटाळणार, मग बोलणारच नाहीत. मी पाहिलंय तसं. माझा बाप असाच गेला." ते दाराकडे निघाले आणि माझ्याजवळ येऊन थांबले. "कुणाला सांगितलंत तर मी..." पुढचं त्यांनी गिळलं. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. भीती होती.

मावशी मशीनवर हात ठेवून तशीच उभी राहिली. बंद मशीनवर.

आणि मग एका सकाळी पाऊस ओसरला. थांबला नाही, पण आभाळ जरा वर गेल्यासारखं झालं, समुद्राचा रंग मातकट होता तो राखाडी झाला. कप्तान काचेतून बराच वेळ बघत राहिले. मॅनेजरसाहेब त्यांच्या शेजारी देवापुढे उभं राहावं तसे उभे. शेवटी कप्तान म्हणाले, "उद्या सकाळी निघू. उघडीप टिकली तर."

आजोबांनी टाळ्या वाजवल्या. त्या जोडप्याचा अबोला तिथंच मिटला. मागच्या दारात मावशी उभी होती. तिने भुवया उंचावल्या नाहीत. तिला कळलं होतं.

दुपारी ती पुढच्या दाराने आली. इतक्या वर्षांत तिने रिसेप्शनच्या चकचकीत फरशीवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. ओला एप्रन, केसांवर कपड्यांचे तंतू, पायांत रबरी चपला. सगळे पाहुणे बघायला लागले. ती काउंटरपाशी येऊन उभी राहिली तेव्हा तिचे दात वाजत होते.

"कप्तानसाहेबांना बोलव."

"मावशी, काकांना कळलं तर..."

"बोलव, नाहीतर मी परत जाईन. मग परत येणं जमायचं नाही मला."

मी कप्तानांना चादरींच्या खोलीत घेऊन आले. तिथं उभं राहण्यापुरतीच जागा. मावशीने दार लावून घेतलं, तरी कडी सोडली नाही, धरूनच ठेवली.

"साहेब, आमच्या यांना ऐकू येत नाही."

कप्तानांनी माझ्याकडे पाहिलं. "कमी येतं म्हणायचंय का तुम्हाला?"

"येत नाही. ओठ बघून बोलतात."

"मावशी, मी रोज बोलतो त्यांच्याशी."

"समोरून बोलता," मावशी म्हणाली. "पाठीमागून हाक मारा."

कप्तानांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांना ती डुलकी आठवली असणार. ते चिडले, खरं तर घाबरले. "हे आता सांगताय? उद्या सकाळी निघायचंय! माझ्या बोटीवर माणसं आहेत!"

"म्हणूनच," ती म्हणाली आणि रडायला लागली.

ते तडक धक्क्याकडे गेले. मी छत्री घेऊन मागे धावले. मावशी लाँड्रीच्या वळचणीला उभी राहिली, तिच्याने पुढे येववेना. काका धक्क्याच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून दोराच्या गाठी तपासत होते. भोवती बोटीवरची माणसं सामान चढवत होती. पाऊस अगदी बारीक होता, आवाज म्हणावा असा नव्हताच.

कप्तान पाच-सहा पावलांवर थांबले. "मिस्त्री," ते म्हणाले.

काका गाठ आवळत राहिले.

"मिस्त्री!"

सामान चढवणारे थांबले. एकाने डोक्यावरची पेटी खाली ठेवली.

"मिस्त्री!" कप्तान ओरडले. दूरवर झाडांवरचे पक्षी उडाले. धक्क्यावरचा प्रत्येक माणूस कप्तानांकडे बघत होता. एकटे काका सोडून. ते गाठ आवळत होते, नीट, मन लावून, आणि एवढ्या माणसांत त्यांच्या एकट्याच्याच भोवती शांतता होती. तसं भयंकर मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

मग काकांनी मान वर केली, समोरच्या माणसांचे चेहरे बघितले आणि हळूच वळले. कप्तान दिसले. मी दिसले. आमच्या पलीकडे, वळचणीखाली, एप्रन तोंडाशी धरलेली मावशी दिसली. काकांनी दोर खाली ठेवला, खिशातून इंजिनखोलीची किल्ली काढली, कप्तानांच्या हातात दिली आणि कुणाशी काही न बोलता निघून गेले.

बोट रद्द होईल असं मावशीने धरलं होतं. मीही. पण मॅनेजरसाहेब ऐकेनात, आणि कप्तानांनाही उघडीप वाया घालवायची नव्हती. बोटीचं काम थोडंबहुत जाणणारा दुसरा माणूस रिसॉर्टवर होता. जनरेटरवाला. वहिनींचा नवरा.

ही बातमी मीच लाँड्रीत नेली. वहिनींची इस्त्री एका अभ्र्यावर थांबली. जळका वास आला तेव्हा कुठे त्यांनी ती उचलली. त्यांना दोन मुली होत्या, धाकटी नुकती शाळेत जायला लागलेली. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मी तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला कळलं की तिची भीती संपली नव्हती. तिने ती नुसती शेजारच्या टेबलावर सरकवली होती, आणि हे तिच्या आता लक्षात आलं होतं.

सकाळी बोट निघाली. आजोबांनी मला हात केला. दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. मग आभाळ पुन्हा खाली आलं, वारा सुटला, आणि पाऊस असा आडवा झोडपायला लागला की धक्का दिसेनासा झाला. वायरलेसवर कप्तानांचा निरोप आला: परत फिरतोय. त्यानंतर नुसती खरखर.

अंधार पडेपर्यंत बोट यायला हवी होती. आली नाही.

ती रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशीही पावसाने दम घेतला नाही. मॅनेजरसाहेब तटरक्षकांना फोन लावून लावून बसले. तिकडून एकच उत्तर, हवा जरा सुधारली की निघतो. लाँड्रीत कामाला काही नव्हतं, पाहुणे सगळे बोटीवर, तरी वहिनी इस्त्री करत होत्या. इस्त्री केलेल्याच चादरी परत मोडून पुन्हा करत होत्या. मावशी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली.

"वहिनी, दोन घोट घ्या."

वहिनींनी वर बघितलं नाही. "तुमचा माणूस घरी आहे, मावशी," त्या म्हणाल्या. आवाज चढवून नाही, एखादी गोष्ट सांगावी तसं. मावशीने कप टेबलावर ठेवला. तो तिथंच गार झाला.

घरी म्हणजे तरी कुठे? काका किल्ली दिली त्या दुपारपासून क्वार्टरमध्ये आलेच नव्हते. धक्क्यावरच्या कामाच्या शेडमध्ये पडून होते. मी डबा दिला, तो उघडला नव्हता. दुपारी ते रिसेप्शनच्या दारात येऊन उभे राहिले, नखशिखांत भिजलेले. वायरलेस खरखरत होता. त्यांना ती खरखरही ऐकू येत नव्हती. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"काय म्हणाले?"

"काही नाही, काका."

"काही नाही म्हणजे? बोलत नाहीत, की तू मला सांगत नाहीस? मला ऐकू येत नाही, पोरी. नीट सांग."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मी त्यांच्या समोर गेले आणि एकेक शब्द तोडून सांगितला: "नुसती खरखर आहे. माणसाचा आवाज नाही." ते तिथंच जमिनीवर बसले, त्या चकचकीत फरशीवर, भिंतीला टेकून. मग ते एकटेच बडबडायला लागले. डावं इंजिन जरा नाजूक आहे. ते तापायच्या आधी थरथरतं, मांजर गुरगुरतं तसं. त्याला कुणी सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं. रागाने किल्ली दिली आणि निघून आलो, काही सांगितलं नाही त्याला.

मागच्या दारात मावशी उभी होती. तिने ते ऐकलं. ती पुढे आली नाही.

तिसऱ्या प्रहरी पाऊस विरळ झाला तेव्हा आधी धूर दिसला की बोट, कुणालाच सांगता येणार नाही. वहिनी सगळ्यांत आधी धावल्या, चपला टाकून. बोट एका अंगाला कलून, अगदी सावकाश, एकाच इंजिनावर येत होती. सगळे होते. आजोबांना ब्लँकेटात गुंडाळलेलं, त्या जोडप्याने एकमेकांना असं धरलेलं की उतरताना सोडवावं लागलं. जनरेटरवाला सगळ्यांत शेवटी वर आला. काळाठिक्कर, हात भाजलेला. वहिनींनी त्याला मिठी वगैरे मारली नाही. त्याचा भाजलेला हात दोन्ही हातांत धरून त्याकडे बघत राहिल्या.

काका गर्दीतून पुढे गेले. "डावं?" त्यांनी विचारलं.

"डावं," तो म्हणाला. "भोंगा वाजला तसं बंद केलं मी. मग एका बेटाच्या आडोशाला रात्र काढली."

"जरा जरी उशीर झाला असता तर आगच होती," कप्तान काकांकडे तोंड करून, त्यांना कळेल असं म्हणाले.

काकांनी मान डोलावली. "आणि भोंग्याआधी? थरथरलं असेल."

"थरथरलं असेल, मिस्त्री. मला काय माहीत ते एरवी कसं थरथरतं?"

काका बोटीवर चढले, खाली उतरले, आणि दिवे लागेपर्यंत वर आले नाहीत.

काका खाली असते तर इंजिन तापलंच नसतं, की तापलं असतं आणि भोंगा वाजत असताना ते पाइप पुसत बसले असते? हे धक्क्यावर पुढे कितीतरी दिवस लोक घोळवत होते. निम्मे एक म्हणायचे, निम्मे दुसरं. मावशी त्यात कधी पडली नाही. मी एकदा विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "मला वाटायचं तेवढं वाटून झालं."

काकांना बोटीवरून काढलं ते काढलंच. पण कप्तानांनी त्यांना धक्क्यावरच्या शेडमध्ये ठेवून घेतलं. प्रत्येक फेरीआधी जनरेटरवाला त्यांच्याकडे यायचा, दोघे बोटीत उतरायचे, आणि काका त्याचा हात धरून इंजिनाच्या अंगावर ठेवायचे. इथं. आता इथं. तो माणूस हळूहळू शिकला.

मावशीशी मात्र काका बोलत नव्हते. घरी आले, जेवायला लागले, पण पान वाढलं की भिंतीकडे बघून जेवायचे. ओठ बघायचे नाहीत म्हणजे ऐकायचंच नाही. बहिऱ्या माणसाचा अबोला फार कडक असतो, त्याला मान वळवली की पुरते. मावशीने महिनोन् महिने सोसलं. मग एकदा काय झालं कुणास ठाऊक, ती जेवताना उठली, त्यांच्या आणि भिंतीच्या मधल्या बोळकांडात जाऊन बसली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "भाजीत मीठ कमी आहे का!"

शेजारच्या क्वार्टरमधून कुणीतरी ओरडलं, "आमच्यात बरोबर आहे, मावशी!"

काकांना ते ऐकू आलं नाही, पण मावशीचा चेहरा त्यांनी पाहिला. लाल झालेला, डोळे मिटलेले. "कमी आहे," ते म्हणाले.

पुढे त्यांचा सगळा संसार असा मोठ्या आवाजातच चालला. काकांनी औषध घेतलं की नाही, रात्री घोरले की नाही, मागच्या रांगेतल्या सगळ्यांना कळायचं. जी बाई ताट आपटलं की दचकायची, तिचा आवाज आता धक्क्यापर्यंत जायचा. दचकायची मात्र तशीच. पालीला, विजेला, मशीनला.

आणि बोट समुद्रात असली, वारा वाढला, की ती आपलं काम सोडून वहिनींच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची. वहिनी काही म्हणायच्या नाहीत. पहिल्या वर्षी त्या बाजूलाही झाल्या नाहीत. नंतर कधीतरी त्यांनी चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं. दोघी चादर ताणून धरायच्या, जवळ यायच्या, घडी घालायच्या, परत लांब जायच्या, आणि बोट दिसल्याची हाळी येईपर्यंत कुणीच बोलायचं नाही.